कळसूबाईवरचा सूर्यास्त

अनोळखी मंडळींच्या गटासोबत कळसूबाई शिखरावर सूर्यास्त पाहायला जाताय? अवश्य जा. १६४६ मीटर उंचीवरचा तो वारा एकदा अंगावर घ्यायलाच हवा. मात्र नाव नोंदवण्याआधी विचारा, चालताना सगळ्यांत मागे कोण राहणार? तो माणूस ठरलेला नसेल, तर मी तरी जाणार नाही. आपल्याकडे सूर्य बुडाला की अर्ध्या तासात अंधार दाटतो, आणि बारी गावाकडे उतरताना लोखंडी शिड्या लागतात. शिडीकडे तोंड करून, एकेकानेच उतरावं. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून बॅटरी डोक्यालाच बांधायची. मोबाइलचा उजेड इथे कामाचा नाही. मागच्यांसाठी शिडीखाली थांबता थांबता एकमेकांची नावं आपोआप कळतात. बारीत पोहोचलात, की गाडीत बसण्याआधी सगळ्यांची मोजणी करा.