रेडवूडच्या जंगलात आरव्ही : आई-बाबांना घेऊन जाताना काय काय ठरवावं?

(या भागातल्या बोलण्याचा लिखित मजकूर)

उन्हाळा जवळ आला की बे एरियातल्या प्रत्येक मराठी घरात एकच गोष्ट चालू असते. भारतातून आई-बाबा येणार असतात आणि त्यांना काय काय दाखवायचं याची यादी तयार होत असते. गोल्डन गेट होतो, योसेमिटी होतं, मॉल तर होतातच. आज मी जरा वेगळ्या ठिकाणाबद्दल बोलणार आहे. हम्बोल्ट रेडवूड्स स्टेट पार्क, आणि तेही आरव्हीने. म्हणजे ज्यात झोपायची, स्वयंपाकाची, बाथरूमची सोय असते ती मोठी गाडी.

आधी सांगते, आरव्हीच का. आमच्या बाबांचं वय ७४. गुडघे दुखतात, त्यामुळे तंबूत जमिनीवर झोपणं शक्य नाही. रात्री दोनदा उठावं लागतं, आणि अंधारात टॉर्च घेऊन संडास शोधत जाणं त्यांना नको वाटतं. इन्सुलिन चालू आहे आणि रात्री झोपताना सीपॅप मशीन लागतं. हॉटेलात राहून दिवसा जंगल बघता येतंच. पण बाबांनी आयुष्यभर वनखात्यात नोकरी केली. जंगलात मुक्काम करायचा, ही त्यांची एकच मागणी होती. त्यामुळे हे सगळं जमवायचं कसं, हाच प्रश्न होता.

पहिली पायरी बुकिंग. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांचं बुकिंग रिझर्व्हकॅलिफोर्निया या साइटवर होतं. तारखेच्या ६ महिने आधी, सकाळी ८ वाजता जागा खुल्या होतात. जुलैचा शनिवार-रविवार हवा असेल तर जानेवारीत घड्याळ लावून बसायचं. जमत असेल तर सोमवार ते गुरुवार घ्या, जागाही मिळते आणि शांतताही.

आता महत्त्वाचं : गाडी आधी ठरवायची की जागा? आधी जागा. या पार्कातले कॅम्पग्राउंड जुने आहेत, झाडं जवळजवळ आहेत, आणि गाडीची लांबी साधारण २४ फुटांपर्यंतच चालते. भाड्याने देणारे लोक ‘२५ फुटी’ वगैरे म्हणतात तेव्हा बंपरपासून बंपरपर्यंतची खरी लांबी विचारून घ्या. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतची आरव्ही साध्या क्लास सी लायसन्सवर चालवता येते, पण लायसन्स चालतं म्हणून गाडी मावते असं नाही!

आम्ही बर्लिंग्टन कॅम्पग्राउंड निवडलं. व्हिजिटर सेंटरला अगदी लागून आहे, फ्लशचे संडास आहेत, पैसे टाकून चालणारे शॉवर आहेत. मात्र एक गोष्ट नाही, ती म्हणजे हुकअप. गाडीला जोडायला वीज नाही, नळ नाही, ड्रेनेज नाही. जे काही आहे ते गाडीतल्या टाक्यांत आणि बॅटरीत.

इथेच सीपॅपचा प्रश्न येतो, आणि हा भाग नीट ऐका. बहुतेकांना वाटतं, आरव्हीत प्लग आहेत ना, मग लावायचं मशीन. पण भाड्याच्या बऱ्याच आरव्हींमध्ये भिंतीतले प्लग हुकअप असेल किंवा जनरेटर चालू असेल तरच चालतात. आणि पार्कात जनरेटर फक्त सकाळी १० ते रात्री ८ चालवता येतो. म्हणजे मशीन लागतं तेव्हा जनरेटर बंद! सोलरवाली गाडी घेऊ म्हणाल, तर ३०० फुटी झाडांच्या सावलीत छतावरच्या पॅनलला ऊन मिळणार कुठून?

मग उपाय काय? आम्ही वेगळं पॉवर स्टेशन घेतलं, म्हणजे मोठी चार्ज होणारी बॅटरी. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मागवला. बाबांच्या डॉक्टरांना विचारून ह्युमिडिफायर बंद ठेवून चालेल याची खात्री केली, कारण सगळ्यात जास्त वीज तोच खातो. आणि निघण्याआधी घरीच सलग दोन रात्री त्या बॅटरीवर मशीन चालवून पाहिलं. ही रंगीत तालीम अजिबात टाळू नका. जंगलात गेल्यावर समजलं तर काही करता येत नाही.

इन्सुलिनचं त्यामानाने सोपं आहे. आरव्हीचा फ्रिज गॅसवरही चालतो, पण त्याला थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून आदल्या रात्रीपासून चालू ठेवायचा. तसल्या फ्रिजला गाडी समतल लागते, तेव्हा चाकाखाली ठोकळे घालून लेव्हल करून घ्या. इन्सुलिन आतल्या थंड पट्ट्यांना चिकटून ठेवू नका. गोठलं की ते वाया जातं, पुन्हा वितळवून वापरता येत नाही. चालू पेन बाहेर राहिलं तरी चालतं, फक्त उन्हात किंवा तापलेल्या गाडीत नको.

आता पाणी. इथे आपली पिढी नापास आणि आई-बाबा पहिल्या नंबराने पास! आरव्हीतला गरम पाण्याचा हीटर साधारण ६ गॅलनचा असतो, म्हणजे जेमतेम एक बादली. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, मग पुरे की! तांब्या घे बरोबर.” खरंच घेतला. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवायची, फोडणी बाहेरच्या टेबलावर छोट्या शेगडीवर द्यायची, नाहीतर आत धुराचा अलार्म कोकलत बसतो. आणि मैल्याची टाकी कुठे रिकामी करायची, म्हणजे डंप स्टेशन, ते परतीच्या वाटेवरचं आधीच नकाशावर टिपून ठेवा.

रस्ता. सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १०१ ने साधारण २२५ ते २३० मैल. कारने साडेचार तास धरत असाल तर आरव्हीने सहा धरा. किनाऱ्याच्या हायवे १ ने लेगेटला जाण्याचा मोह टाळा, ती वळणं आरव्हीसाठी नाहीत. रिचर्डसन ग्रोव्हला रस्ता अरुंद आहे आणि झाडं अगदी कडेला, तिथे सावकाश. लेगेटचं ते मधून गाडी जाणारं झाड फोटोपुरतं, त्याचं भगदाड सहा फूट रुंद आहे. ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स मात्र आरव्हीने खुशाल करा, तीसेक मैल निवांत. रॉकफेलर फॉरेस्टकडे जाणारा मॅटोल रोड खूप अरुंद आहे, मोठ्या गाडीने मी तरी गेले नाही.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी फाउंडर्स ग्रोव्ह. अर्ध्या मैलाची सपाट पायवाट आहे. तिथे डायरव्हिल जायंट आडवा पडलेला आहे. १९९१ मध्ये कोसळलेलं हे झाड ३६० फुटांहून उंच होतं. बाबा त्याच्या उपटलेल्या मुळांपाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “एवढं झाड, आणि मुळं बघ किती उथळ. शेजाऱ्यांच्या मुळांत मुळं अडकवून उभी राहतात ही.” रेडवूडचं खरंच तसं आहे, मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. आणि पडलेलं झाड तिथून उचलत नाहीत, त्याच्यावरच नवं जंगल उगवतं. वनखात्यातला माणूस बरोबर असला की पाटी वाचावी लागत नाही!

थोडे नियम. सरपण घरून नेऊ नका, लाकडातून झाडांचे रोग पसरतात. तिथेच विकत घ्या, आणि जंगलात पडलेलं गोळा करायला मनाई आहे. अस्वलं आहेत, त्यामुळे खाणं, टूथपेस्टसुद्धा, बाहेर टेबलावर ठेवून झोपायचं नाही. जुलैतही रात्री गारठा असतो. गाडीतला हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरी खातो, म्हणून गोधड्या घ्या. फोनची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. नकाशे आधी उतरवून घ्या, औषधांची यादी कागदावर लिहा. जवळचं छोटं रुग्णालय गार्बरव्हिलला आहे, ते सगळ्यांना माहीत असू द्या.

तर क्रम लक्षात ठेवा : आधी माणसाची गरज, मग जागा, मग गाडी, आणि शेवटी मेनू. आपण नेमकं उलटं करतो, आधी बटाटेवडे ठरतात! तुमच्याही घरी कोणी येणार असेल आणि त्यांच्या मशीनमुळे, औषधामुळे तुम्ही ‘नकोच ते जंगल’ म्हणत असाल, तर एकदा कागद-पेन घेऊन बसा. बऱ्याचशा अडचणी घरीच, दोन रात्रींत सुटतात.

तुमचे प्रश्न कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!