विनोद संपतो तिथं जात निघते

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी इथं वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बोलावणाऱ्या पोरांनी सांगितलं, 'दादा, कायबी बोला, पण भाषण ठोकू नका.' म्हणून एका विनोदी नटाची गोष्ट सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे. ऐकताना बघा, आपल्या गावातली वाटते की नाही.

तारीख १७ नोव्हेंबर २००६. हॉलिवूडमधला 'लाफ फॅक्टरी' नावाचा क्लब. म्हणजे हसण्याचा कारखानाच. मंचावर मायकेल रिचर्ड्स, 'साइनफेल्ड' मालिकेत क्रेमरचं काम करून घराघरात पोचलेला गोरा नट. वर गॅलरीत काही काळी माणसं बसलेली. त्यांचं आपसात बोलणं चाललेलं, मधेच मंचाकडं आवाजही टाकायचे. आता यात नवीन काय? आपल्या तमाशाला हे रोजचं. पब्लिकमधला एखादा टगा आवाज टाकतो, सोंगाड्या दोन वाक्यांत त्याला गार करतो, आणि टगाच आधी हसतो. सोंगाड्याचं हेच तर काम.

रिचर्ड्सला ती दोन वाक्यं सुचली नाहीत. मग त्यानं काय काढलं? पन्नास वर्षांपूर्वी तुम्हाला उलटं टांगलं असतं, म्हणाला. गोऱ्यांनी गुलामीपासून काळ्यांना ज्या शब्दानं हिणवलं तो शब्द काढला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा ओरडला. आणि म्हणाला, गोऱ्या माणसाला मधे तोडलं की असं होतं!

सगळे त्या एका शब्दावर बोलत बसले. मला विचाराल तर खरं वाक्य हे शेवटचं. मधे तोडलं की असं होतं. म्हणजे राग शब्दाला शब्द दिल्याचा नव्हता. खाली बसायचं, पैसे द्यायचे आणि हसायचं एवढंच ज्यानं करायचं, तो बोलला, याचा राग होता. विनोद संपला तेव्हा खिशात हात घातला, आणि वाडवडिलांनी ठेवलेली चीज हाताला लागली. आपल्याकडं तिला जात म्हणतात.

कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं म्हणून जगाला कळलं. तीन दिवसांनी हा गडी डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात माफी मागायला आला. तर तिथलं पब्लिक हसायला लागलं! त्यांना वाटलं, हाही विनोदच. शेवटी दोस्त जेरी साइनफेल्डला सांगावं लागलं, हसू नका, हे हसण्यासारखं नाही. रिचर्ड्स म्हणाला, मी वंशवादी नाही. आपल्या गावात तरी कोण म्हणतं की मी जात मानतो? सगळे म्हणतात, 'आमच्या घरी तुमचे लोक येतात की!' ओसरीपर्यंत येतात, हे नाही सांगत.

आता त्याच्या 'पन्नास वर्षांपूर्वी'चा हिशेब करू. २००६ मधून ५० वजा करा. १९५६. हे साल आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १४ ऑक्टोबर, नागपूर. तिकडं काय चाललं होतं? ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्या बाईशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून मारून नदीत फेकलं. मारणारे सुटले. त्याच डिसेंबरात मॉन्टगोमेरी शहरातल्या काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला आणि १९५६ संपत आलं तोवर, ३८१ दिवस, पायी चालून तो निभावला. म्हणजे ज्या काळाची याला आठवण येत होती, त्याच काळात काळा माणूसही पायावर उभा राहत होता आणि आपला बापही. टांगणाऱ्याला टांगल्याचं साल आठवतं. उठून उभं राहिल्याचं आठवत नाही.

आणि तो हे बोलला त्याच्या दीड महिना आधी, २९ सप्टेंबर २००६ ला, खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं संपवली होती. त्या नोव्हेंबरात आपली पोरं रस्त्यावर होती. तिकडं जे तोंडानं म्हटलं ते इकडं हातानं केलं होतं. म्हणून सांगतो, 'अरे, गंमत होती' असं आम्हाला सांगू नका. गंमत कुठं संपते आणि कुऱ्हाड कुठं सुरू होते, हे आमच्या वस्त्यांना पाठ आहे.

मग वाद निघाला, काळे विनोदवीर मंचावर तोच शब्द वापरतात, ते चालतं, मग गोऱ्यानंच काय पाप केलं? दुटप्पीपणा कुणाचा? त्या क्लबानं तो शब्दच बंद करून टाकला. पुढं डिसेंबरात तिथं डेमन वेयन्स या काळ्या विनोदवीरानं तो वापरला, तर त्याला ३२० डॉलर दंड. घाण गोऱ्यानं केली, दंड काळ्यानं भरला! खोटं कशाला बोला, रिचर्ड्सलाही झळ बसली, त्यानं ते काम सोडलं. पण न्याय म्हणून जे आलं ते काळ्याच्याच तोंडावर पट्टी होऊन आलं.

शब्द एक असला म्हणून बोलणारा एक होत नाही. शरणकुमार लिंबाळेंनी १९८४ मध्ये आत्मकथेला नाव दिलं 'अक्करमाशी'. ती शिवीच. पण ज्याला मारली त्यानंच ती उचलून पुस्तकावर छापली, तेव्हा मान खाली कुणाची गेली? जखम दाखवणं वेगळं. जखम करणं वेगळं. हे ज्याला कळत नाही, त्याला कळून घ्यायचं नाही.

उलटं उदाहरण घ्या. २०२० मध्ये क्रिकेटर युवराजसिंगनं रोहित शर्माशी इन्स्टाग्रामवर गप्पा मारताना युजवेंद्र चहलला सफाई करणाऱ्या जातीच्या नावानं हिणवलं आणि हसला. चहल काही त्या जातीचा नाही. मग विनोद कशाचा? जातीचं नुसतं नाव घेतलं की हसू येतं, हाच विनोद! तक्रार झाली, त्यानं खेद व्यक्त केला, ऑक्टोबर २०२१ मध्ये हरियाणात अटक होऊन जामीनही मिळाला. पण लोक काय म्हणाले? दोस्तादोस्तांतली मस्करी होती. एवढं काय मनावर घ्यायचं?

'मनावर घेऊ नको.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. शाळेचं गॅदरिंग होतं. कुठली शाळा विचारू नका, सगळ्यांची तीच असते. एका पोरानं डोक्याला निळं फडकं बांधून आमच्या भाषणांची नक्कल केली. 'सरकारचे जावई' म्हणाला. मास्तर हसले, पाहुणे हसले. मीही हसलो. खरं सांगतो, मीही हसलो, कारण आजूबाजूचे बघत होते की हा हसतो का नाही. मग आमच्या वस्तीतला एक मंचावर गेला. त्यानं मास्तराचीच नक्कल केली, पाण्याचा तांब्या वरून कसा ओततात त्याची. क्षणात सगळं चिडीचूप. पडद्यामागं त्याच्या कानाखाली आवाज निघाला. 'माजलास काय रे?' त्याला कुणी सांगितलं नाही की सर, मनावर घेऊ नका.

तो पोरगा पुन्हा मंचावर चढला नाही. आमच्या सगळ्यांत हसवायचं डोकं त्याचंच होतं.

देशातही हेच. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला मुनव्वर फारुकीला विनोदावरून धरलं, महिन्याहून जास्त आत ठेवलं, सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम जामीन दिला तेव्हा सुटला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरानं एकनाथ शिंदेंवर गाणं केलं, तर शिंदेंच्या शिवसैनिकांनी मुंबईत खारचा स्टुडिओ फोडला. म्हणजे आम्हाला लागलं तर आम्हाला विनोदबुद्धी नाही. त्यांना लागलं तर त्यांच्या भावना, त्यांचे पोलीस, त्यांचे हातोडे.

पण दोस्तहो, आरसा इकडंही फिरवू. मे २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून गदारोळ झाला. गोगलगाईवर बाबासाहेब, मागं चाबूक घेतलेले नेहरू. मलाही ते टोचलं. पण आपल्यातल्याच काहींनी पुणे विद्यापीठात जाऊन सुहास पळशीकरांचं ऑफिस फोडलं. त्यानं काय मिळालं? ज्या बाबासाहेबांनी आयुष्यभर लेखणीनं उत्तर दिलं, त्यांच्यासाठी आपण खुर्च्या मोडल्या. आणि कट्ट्यावर बसून बायकांवर, हिजड्यांवर, आपल्याहून खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीवर आपण जे खिदळतो, त्याचं काय? तिथं आपणच रिचर्ड्स असतो. त्यांनी मधे तोडलं तर आपल्या खिशातून काय निघतं, ते ज्यानं त्यानं तपासा.

माझं मोजमाप साधं आहे. ज्याच्यावर विनोद केला त्याला त्याच मंचावर, तेवढ्याच मोठ्यानं उत्तर देता येतं का? येत असेल तर तो विनोद. येत नसेल तर ती शिक्षा आहे, फक्त टाळ्यांच्या साथीनं दिलेली.

तमाशातला आमचा सोंगाड्या रात्रभर राजाची टर उडवायचा आणि सकाळी त्याच गावात लांबूनच भाकरी घ्यायचा. मंच त्याचा नव्हता, रात्रीपुरता दिलेला होता. म्हणून तर भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. हसवायचं, पण आपल्या मंचावरून, आपल्या शहाणपणानं.

तेव्हा येत्या १४ एप्रिलला नुसता डीजे नको. एक तास मंच मोकळा ठेवा. वस्तीतली पोरं-पोरी उठतील, सरपंचाची, मास्तराची, पुढाऱ्याची आणि आपल्या मंडळाच्या अध्यक्षाचीही नक्कल करतील. माझीही करा. कुणी खालून आवाज टाकला तर त्याला माईक द्या. आणि गॅदरिंगातला तो पोरगा, आता बाप झालाय, इथंच मागं भिंतीला टेकून बसलाय. पहिला नंबर त्याचा.

जय भीम.