मगदाला मोहिमेचे विखुरलेले कागद



वसाहतकालीन लष्करी मोहिमांचा इतिहास बहुधा सेनापतींच्या खलित्यांवरून आणि सरकारी अहवालांवरून लिहिला जातो. मात्र त्याच मोहिमांसाठी छापलेले सुटे हुकूम, घाईने तयार केलेले नकाशे, पावत्या, जाहीरनामे आणि छायाचित्रांच्या प्रती या सर्वांची गणना अल्पजीवी मुद्रितांत होते, म्हणजे एका दिवसाच्या किंवा एका कामाच्या गरजेपुरते छापलेले आणि ते काम उरकताच निरुपयोगी ठरलेले कागद. त्यांचा संग्रह करणे हे कष्टाचे आणि चिकाटीचे अभ्यासकार्य आहे. १८६७-६८ च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेचे उदाहरण घेतल्यास या कार्याचे स्वरूप स्पष्ट होते, आणि ही मोहीम प्रामुख्याने मुंबई इलाख्यातून उभी राहिली असल्यामुळे ते महाराष्ट्राला परकेही नाही.

अ‍ॅबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा सम्राट टेवोद्रोस याने १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला पाठवलेल्या पत्राला उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने ब्रिटिश वकील कॅमेरॉन व इतर युरोपीयांना कैदेत टाकले. त्यांच्या सुटकेसाठी मुंबई लष्कराचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १३,००० सैनिक, २६,००० नोकरचाकर व वाहतुकीची माणसे आणि ४०,००० हून अधिक जनावरे तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील झुला येथे उतरवण्यात आली. त्या जनावरांत अवजड तोफा वाहण्यासाठी नेलेले ४४ हत्तीही होते. किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरची डोंगराळ वाट तुडवून हे सैन्य मगदालाच्या गडापर्यंत पोहोचले. १३ एप्रिल १८६८ रोजी गड पडला आणि शरण जाण्याऐवजी टेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

ज्या प्रदेशाचे पुरेसे नकाशेच उपलब्ध नव्हते तेथे एवढा पसारा हलवायचा म्हणजे कागदावाचून गत्यंतर नव्हते. लंडनच्या युद्ध कार्यालयाने १८६७ मध्येच जुन्या प्रवाशांच्या वर्णनांतून अ‍ॅबिसिनियातील मार्गांचे संकलन छापून घेतले होते. प्रत्यक्ष मोहिमेत रॉयल इंजिनिअर्सच्या दहाव्या कंपनीचे छायाचित्रकार काचेच्या ओल्या पट्ट्यांवर, म्हणजे रसायनाचा थर ओला असेतोवरच वापराव्या लागणाऱ्या काचांवर, प्रतिमा घेत होते, आणि निसर्गदृश्यांइतकेच महत्त्वाचे असे त्यांचे दुसरे काम म्हणजे हाताने काढलेल्या नकाशांची छायाचित्रे घेऊन अधिकाऱ्यांसाठी त्यांच्या प्रती काढणे. अशी एखादी प्रत आज हाती लागली, तिच्या घड्या झिजलेल्या असल्या आणि कडेला कोणी पाणवठ्याची शिसपेन्सिलीने नोंद केलेली असली, तर जाणत्या संग्राहकाने ती स्वच्छ प्रतीपेक्षा मोलाची मानावी. कारण तो नकाशा खरोखर वापरला गेला होता याचा पुरावा त्या झिजेत आणि त्या नोंदीतच आहे.

याच कारणाने कागद त्याच्या संदर्भापासून तोडणे हा संग्राहकाचा सर्वांत मोठा अपराध मानावा लागतो. १९०० च्या चीन मोहिमेसाठी भारतीय टपाल तिकिटांवर ‘सी. ई. एफ.’, म्हणजे ‘चायना एक्सपिडिशनरी फोर्स’, ही अक्षरे छापण्यात आली. ते तिकीट पाकिटावरून सोडवून अल्बममध्ये लावले की तिकीट उरते. परंतु पत्र कोणत्या छावणीतून, कोणत्या दिवशी, कोणाच्या नावे निघाले हे सांगणारा शिक्का आणि पत्ता कायमचे हरवतात. जपणुकीचे नियमही याच जाणिवेतून येतात: चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, आम्लविरहित कागदाच्या वेष्टनात ठेवावे, पावसाळ्यातील दमटपणापासून व कसरीपासून सांभाळावे, आणि वस्तू कोठून व कोणाकडून मिळाली याची नोंद तिच्यासोबतच राहील अशी ठेवावी.

ही शेवटची नोंद मगदालाच्या बाबतीत केवळ तांत्रिक राहत नाही. गडावरून लुटलेल्या वस्तूंचा नंतर छावणीत लिलाव झाला, लष्करासोबत आलेले ब्रिटिश म्युझियमचे रिचर्ड होम्स यांनी सुमारे ३५० हस्तलिखिते मिळवली, आणि टेवोद्रोसचा बालपुत्र अलेमायेहू यालाही इंग्लंडला नेण्यात आले, जिथे त्याची छायाचित्रे काढली गेली आणि जिथे १८७९ मध्ये, ऐन तारुण्यात, तो मरण पावला. त्या पोरक्या मुलाचे छायाचित्र केवळ दुर्मीळ म्हणून कपाटात ठेवणे पुरेसे नाही; ते कोणत्या परिस्थितीत घेतले गेले हे त्याच्याशेजारी लिहिलेले असलेच पाहिजे. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने २०१९ मध्ये टेवोद्रोसच्या केसांच्या बटा इथिओपियाला परत केल्या, आणि ते योग्यच झाले.

महाराष्ट्रापुरते पाहता या मोहिमेच्या कागदांच्या संग्रहातील सर्वांत मोठी उणीव सामान्य माणसांच्या कागदांची आहे. ‘अ‍ॅबिसिनिया’ हा रणसन्मान बॉम्बे सॅपर्सकडे, म्हणजे रस्ते, पूल व पाणीपुरवठा उभारणाऱ्या अभियंता सैनिकांच्या पलटणीकडे आहे आणि तिचे केंद्र आजही पुण्याजवळ खडकी येथे आहे. तरीही ज्यांनी मगदालाकडे जाणारा घाटरस्ता फोडला त्यांच्या घरांत पगाराची पावती, रजेचा दाखला किंवा बढतीचा छापील हुकूम उरला आहे काय, याचा शोध गावोगाव घेतला गेला पाहिजे. त्या काळी पुण्यातून ‘ज्ञानप्रकाश’ आणि मुंबईतून ‘इंदुप्रकाश’ ही वृत्तपत्रे प्रसिद्ध होत होती, आणि मुंबई सरकारचे दप्तर मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहे; या शोधात दोन्हींची मदत घेता येईल. मोडी वाचू शकणारा आणि जुन्या ट्रंकेतील कागद टाकण्यापूर्वी उलगडून पाहणारा एखादा विद्यार्थी पुढे आला, तर त्याच्यासाठी हे काम अजून जवळजवळ अस्पर्श पडलेले आहे.