‘काही लागलं तर सांगा’

आम्ही पुण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या महिला संघातल्या बाया. आज दिलेला शब्द पाळण्याबद्दल बोलणार आहोत. उपदेश करण्याइतक्या काही आम्ही मोठ्या नाही. आमच्याच हातून एक शब्द सुटला होता, म्हणून हा विषय घेतलाय.

करार म्हटलं की आपल्याला काय आठवतं? स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, बटाईनं दिलेली जमीन. त्यात हिशोब सरळ असतो. तू पाळलंस तर मी पाळीन, तू मोडलंस तर मी मोकळी. आमच्या बायबलच्या दोन भागांनाही ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ असंच म्हणतात. पण तो करार वेगळा. माणसं चुकली, पाठ फिरवून गेली, तरी देवानं आपला शब्द मागं घेतला नाही, असं त्यात सांगितलंय. अशा न सुटणाऱ्या मायेला हिब्रू भाषेत ‘हेसेद’ म्हणतात.

ही माया कशी असते ते रूथच्या गोष्टीत कळतं. नामी नावाची बाई दुष्काळामुळं नवरा आणि दोन मुलांसह परमुलखात गेली. तिथं नवरा वारला, मग दोन्ही मुलंही गेली. मागं राहिल्या सासू आणि दोन सुना. नामी म्हणाली, पोरींनो, माहेरी जा, माझ्याकडं आता द्यायला काही नाही. एक सून रडत रडत गेली, आणि तिला कुणी बोल लावला नाही. दुसरी, रूथ, मात्र सासूला सोडेना. दोघी बेथलेहेमला पोचल्या तेव्हा सुगी चालू होती. दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून रूथनं सासूला खाऊ घातलं. साथ देईन म्हणाली होती, ती अशी उन्हात वाकून दिली.

आता आपल्या पुण्याकडं येऊ. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. स्वतः दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली ही बाई. 1883 साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा आणि मुलींनी शिकावं, पायावर उभं राहावं म्हणून. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं.

सदनात धर्माची सक्ती होणार नाही, असा त्यांचा शब्द होता. त्या स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत, आणि काही मुली येऊन बसत. मी कुणाला बोलावलं नाही, पण दारही लावणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शहरातल्या लोकांना वाटलं, शब्द मोडला. 1893 साली सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, पुष्कळ मुलींना घरच्यांनी काढून नेलं. यात कोण बरोबर, यावर आजही लोक वाद घालतात. आम्ही त्यातून एवढंच घेतो, की शब्द देतानाच तो नीट उलगडून सांगावा. एक जण एक समजतो, दुसरा दुसरंच, आणि पुढं दोघंही दुखावतात.

रमाबाईंनी मात्र बायकांना आधार देण्याचं काम सोडलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 बायका-मुलींना घेऊन आल्या. तेव्हा पुण्यात प्लेग होता, एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. मग दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं विणकाम, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई. आईवडील, नवरा, गाव, सगळ्यांनी ज्यांचा हात सोडला होता, अशाच त्यातल्या कितीतरी जणी होत्या.

साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत बायबल आणायचं, हेही रमाबाईंनी मनाशी धरलं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कितीतरी वर्षं खपल्या. 1921 साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा वारली, तरी काम चालूच राहिलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, त्याआधी भाषांतर पुरं झालं होतं.

आता आमची गोष्ट. आमच्या संघातल्या एका बहिणीचा नवरा वारला. मातीला आम्ही सगळ्या गेलो. प्रत्येकीनं तिचा हात धरून म्हटलं, ‘काही लागलं तर सांगा.’ तीन महिन्यांनी ती उपासनेला दिसेना, म्हणून दोघी घरी गेलो. तोवर ती नवऱ्याच्या कागदपत्रांसाठी एकटीच चार वेळा कचेरीत जाऊन आली होती. संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून दिवा न लावता बसायची. आम्ही म्हटलं, अहो, सांगायचं नाही का? ती म्हणाली, ‘कुणाला सांगू? सगळ्याच म्हणाल्या होत्या.’

मैत्रिणींनो, ते ऐकून आम्ही खाली मान घातली. आम्ही शब्द दिला होता, पण तो पाळायचा दिवस ठरवला नव्हता, माणूसही ठरवलं नव्हतं. उलट मागण्याचं ओझं तिच्यावरच टाकलं होतं. तेव्हापासून आम्ही ते वाक्य सोडलं. आता म्हणतो, ‘मंगळवारी चार वाजता मी येते.’ संघाच्या वहीत कर्जाच्या हप्त्याशेजारी आम्ही हेही लिहितो, कोण कुणाकडं कधी जाणार. जिला जमलं नाही तिनं आदल्या दिवशी दुसरीला सांगायचं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. शब्द पाळायचा म्हणजे मार खात राहायचं, असं नाही. नवरा हात उचलतो आणि वर बाईलाच लग्नाच्या वचनाची आठवण देतो, तेव्हा वचन त्यानं आधीच मोडलेलं असतं. अशा बाईला ‘सोस’ म्हणू नका. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, नाहीतर तिला चार दिवस घरी ठेवून घ्या. तिच्या बाबतीत तेच आपलं शब्द पाळणं.

आणि झेपेल तेवढंच बोला. तुमचं ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही असू द्या, असं प्रभू येशूनं शिकवलंय. ‘बघू’, ‘करू की’ म्हणून दुसरीला वाट बघायला लावण्यापेक्षा सरळ ‘जमणार नाही’ म्हटलेलं बरं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा हप्ते झाल्यावर एकमेकींना विचारा, ‘काही लागलं तर सांग’ असं आपण कुणाला म्हणून ठेवलंय? तिचं नाव लिहा. नावापुढं वार लिहा. आणि त्या वारी जा.