घराण्याचे पित्त : आनुवंशिकता किती, दुर्लक्ष किती?



“आमच्या घराण्यातच पित्त आहे,” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. जेवणानंतर छातीत जळजळ, रात्री घशाशी येणारे आंबट पाणी, आणि वर्षानुवर्षे उशाशी असलेली गोळ्यांची पट्टी! या समजुतीत तथ्य किती व धोका किती, एवढाच आजचा विषय.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. ते अवेळी सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते आणि अन्ननलिकेचे नाजूक अस्तर पोळते. या व्याधीत वारशाचा वाटा शोधण्यासाठी स्वीडन व ब्रिटन येथे जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. २००२ व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांनुसार माणसामाणसांतील फरकापैकी अनुक्रमे सुमारे ३१ व ४३ टक्के भाग आनुवंशिक ठरला. म्हणजे घराण्याचा वाटा आहे. परंतु वाढलेले वजन, धूम्रपान व आहारविहार यांचा वाटाही मोठा आहे. शिवाय ‘पित्ताचे जनुक’ असे एकच काही नाही. अनेक जनुके आपला अल्पसा भार टाकतात, आणि हे संशोधन बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्याने ते आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

वंशभेदाविषयी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील २००४ सालचा अभ्यास बोलका आहे. तेथील कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय कर्मचाऱ्यांत जळजळीची तक्रार जवळपास सारखीच आढळली. मात्र नियमित तक्रार असणाऱ्यांची दुर्बिणीने तपासणी केली असता, अन्ननलिकेला झालेली इजा कृष्णवर्णीयांत श्वेतवर्णीयांच्या तुलनेत सुमारे निम्मीच होती. तात्पर्य, जळजळ किती होते यावरून आतील इजेचे माप ठरत नाही.

वंशभेद औषधातही दिसतो. ओमेप्राझोलसारख्या गोळीचे विघटन यकृतातील एक विकर करते. त्याचे कार्य जन्मतःच अत्यंत मंद असणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय वंशात दोन ते पाच टक्के, तर पूर्व आशियात पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. मंद विकर असलेल्यांत औषध अधिक काळ टिकते. जलद असलेल्यांत ते लवकर निघून जाते व गुण कमी येतो. म्हणून भावाला मानवलेली गोळी व मात्रा आपणही परस्पर घेणे योग्य नव्हे.

रात्रीचे जेवण व निद्रा यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांत ते सहज साधते. तथापि तेवढ्याने व्याधीपासून अभय मिळाले, असे कोणी मानू नये.

दीर्घकाळ पोळलेल्या अन्ननलिकेचे अस्तर काहींच्या बाबतीत बदलते, आणि त्यांपैकी थोड्यांत पुढे कर्करोग उद्भवतो. घास अडकणे, अकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळे शौच ही लक्षणे दिसताच विलंब न करता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा : गोळी किती वर्षे चालू आहे, आणि डॉक्टरांना शेवटचे कधी दाखविले? “घराण्याचेच आहे” असे उत्तर आले, तर तेच तपासणीला नेण्याचे कारण समजा.