बिघाड दिसतो तेथे नसतो



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थकारण आणि इतिहास यांची चर्चा व्हावयाची, तेथे वेबवरील कार्यप्रणाली आणि त्यांचे डेटाबेस यांच्या दुखण्यांवर बोलावयास सांगणे, हा चालकांचा धीटपणाच म्हटला पाहिजे. परंतु विषय वाटतो तितका परका नाही. आज वीजबिल, रेल्वेचे तिकीट, सातबारा, मुलांचा परीक्षेचा अर्ज, सारे याच यंत्रणेतून जाते. ती अडली म्हणजे खिडकीपलीकडचा मनुष्य 'सर्व्हर डाऊन आहे' एवढे सांगून मोकळा होतो. त्या तीन शब्दांच्या मागे काय काय असू शकते, हे आज थोडे उलगडून पाहू.

आम्ही या धंद्यातली मंडळी पहिली गोष्ट शिकतो ती अशी की, बिघाड दिसतो तेथे तो बहुधा नसतो. छपरातून पाणी दिवाणखान्यात गळते, म्हणून कौल दिवाणखान्याच्या वरचेच फुटलेले असेल असे नाही. पाणी वाशावरून लांबवर वाहत येते. पडद्यावर जी ओळ उमटते ती गळतीची जागा होय. कौल शोधावयाचे तर त्या ओळीपासून उलट चालत गेले पाहिजे. त्यासाठी ती ओळ आधी नीट वाचली पाहिजे. आश्चर्य वाटेल, पण निम्मे काम तेवढ्यानेच होते. कारण पुष्कळांना एरर दिसताच ती पुसून टाकण्याची घाई होते. त्यानंतर तोच बिघाड आपल्या हाताने पुन्हा घडवून पाहावयाचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. पाच गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झाले, तर कोणत्या औषधाने गुण आला हे वैद्यालाही सांगता येणार नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. गोव्यात किंवा वसईकडे डी'सोझा हे आडनाव घरोघर भेटते. रोमन लिपीत ते लिहिताना 'डी'नंतर वरच्या अंगाला लटकणारे एक चिन्ह येते, ज्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. आता डेटाबेसशी बोलण्याची जी भाषा आहे, एसक्यूएल, तिच्यात मजकूर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे सांगण्यासाठी नेमके तेच चिन्ह वापरतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने नाव जसेच्या तसे वाक्यात चिकटवले असेल, तर यंत्राला वाटते की नाव 'डी'पाशीच संपले. मग 'सोझा' ही कसली आज्ञा, असे म्हणून ते अडून बसते. पडद्यावर येते 'सिंटॅक्स एरर', आणि अर्जदाराला सांगितले जाते की तुमच्या नावात चूक आहे!

यावर एक झटपट तोड निघते: नावात ते चिन्ह चालणार नाही असा नियम करून टाकावयाचा. हे म्हणजे पायताण होत नाही म्हणून पाय तासण्यासारखे. कौल फुटले आहे ते दुसरीकडेच. जे यंत्र निरुपद्रवी नावाने अडखळते, त्याच यंत्राला त्याच वाटेने एखादा दुष्ट मनुष्य आपली स्वतःची आज्ञा भरवू शकतो. सारी नोंदवही वाचून घेऊ शकतो, पुसूही शकतो. १९९८ सालापासून हा मार्ग उघडपणे चर्चिला गेला आहे, आणि उपायही जुनाच आहे: आज्ञा वेगळी पाठवावयाची, मजकूर वेगळा पाठवावयाचा, दोन्ही एका वाक्यात कालवावयाचेच नाहीत. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. तेव्हा डी'सोझाबाईंचा अर्ज अडला, तर त्यांचे आभार मानावेत. चोराच्या आधी त्यांनी दार उघडे असल्याचे दाखवून दिले.

मंद चालणाऱ्या पानांविषयी थोडक्यात सांगतो. पाचशे नोंदी असताना जे झरझर चालते ते पन्नास लाखांवर का रखडते, याचे उत्तर बहुधा सूची नसणे हेच असते. ग्रंथालयात कार्डांचा कपाट नसेल तर ग्रंथपालाला प्रत्येक मांडणी चाळावी लागेल, तसेच हे. 'एक्स्प्लेन' ही आज्ञा दिली की डेटाबेस स्वतःच सांगतो, मी सूची पाहिली की सगळी कपाटे चाळली. ती न विचारताच नवा महागडा सर्व्हर विकत घेणारे लोक आहेत. असो.

आता ज्याच्याशी आपणा मराठी माणसांचा नित्य संबंध येतो त्या दुखण्याकडे वळू. अर्जात 'पुणे' असे स्वच्छ लिहावे आणि छापून आलेल्या कागदावर चार प्रश्नचिन्हे दिसावीत, हा अनुभव ज्याला नाही असा या सभागृहात विरळाच. कधी प्रश्नचिन्हांऐवजी भलतीच चिन्हे येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी चार पाय फुटलेले वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि पुन्हा तोच ए. सामान्य माणसाला दोन्ही प्रकार सारखेच वाटतात, परंतु त्यांत जिवंत आणि मृत यांच्याएवढे अंतर आहे.

ते कसे, ते सांगतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली यूटीएफ-८ ही लेखनपद्धती बसवली. तिच्यात आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. आता डेटाबेसचा रकाना जर पश्चिम युरोपच्या लिप्यांसाठी आखलेल्या लॅटिन-१ या जुन्या पद्धतीचा असेल, तर तेथे 'प'ला जागाच नाही. शिस्त कडक असेल तर डेटाबेस नकार देतो, आणि ते उत्तम. शिस्त ढिली असेल तर तो प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह ठेवून गप्प बसतो. चार चिन्हांची चार प्रश्नचिन्हे! मूळ अक्षर तेथे उरलेले नसते. मात्र पडद्यावर बारा विचित्र चिन्हे आली (त्यांतले एखादे डोळ्यांना दिसतही नाही), तर बाराही बाइट सुखरूप आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावला आहे. अशी नोंद पूर्ववत करता येते. म्हणून आम्ही प्रथम चिन्हे मोजतो.

यात एक गंमत आहे. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांचाही चष्मा सारखाच चुकीचा असेल तर सर्व काही वर्षानुवर्षे नीट दिसते. मग कोणी तरी एक टोक दुरुस्त करतो, आणि सारी कचेरी त्याच्यावर ओरडते की काल चालत होते ते तू आज बिघडवलेस! मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंत न सांगता मिळणारी पद्धत लॅटिन-१ हीच होती, त्यामुळे असे प्रसंग पुष्कळ घडले. त्याच्या जुन्या 'यूटीएफ-८' मध्ये तीनच बाइट मावत, चौथ्याला जागा नव्हती. देवनागरी त्यातून सुटली. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या आपल्या मोडीला चार बाइट लागतात, ती त्यात बसत नाही. मोडी दप्तरांचे काम हाती घेणाऱ्यांनी चार बाइटांची पद्धत, म्हणजे यूटीएफ-८-एमबी-४, आहे ना, हे पहिल्या दिवशीच पाहावे.

याहून सूक्ष्म फसवणूक कऱ्हाडच्या नावात आहे. ते नाव दोन रीतींनी टंकित होते. एका रीतीत स्वतंत्र क्रमांकाचा 'ऱ' असतो, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसत नाही. यंत्र मात्र एकात सहा चिन्हे मोजते आणि दुसऱ्यात सात. एकाने नोंदवले, दुसऱ्याने शोधले, उत्तर आले: असे गाव नाही. दोन दप्तरांतले नाव जुळत नाही म्हणून माणसाला प्रतिज्ञापत्र करावयास पाठवण्यापूर्वी हे तपासून पाहण्यास कोणाची हरकत असावी? जोडचिन्ह नुसते पुसून चालत नाही. मग रफार होऊन 'कर्हाड' बनते. लिहिताना आणि शोधताना, दोन्ही दारांवर, एक रीत दुसऱ्या रीतीत बदलून घ्यावी लागते. युनिकोडची ठरीव प्रमाणीकरणाची रीत येथे पुरी पडत नाही. हे काम मराठी जाणणाऱ्यानेच करावयाचे आहे.

परंतु चार प्रश्नचिन्हे आली, अक्षर मेले, तर काय? मग जुनी प्रत, म्हणजे बॅकअप, हाच आधार. गिटलॅब या प्रसिद्ध संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री एक अभियंता दुय्यम डेटाबेसचे दुखणे काढीत होता. दुय्यम समजून त्याने मुख्य डेटाबेसचीच फाइलदाणी पुसावयास घेतली. क्षणात लक्षात आले, हात थांबला; तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांतले साडेचार उरले होते. प्रती काढण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. एक व्यवस्था जुन्या आवृत्तीच्या साधनामुळे बरेच दिवस निष्फळ जात होती. निष्फळ गेल्याची पत्रेही निघत होती, पण ती टपाल-सर्व्हर नाकारीत असल्यामुळे कोणाला मिळालीच नाहीत. दुसरी व्यवस्था डेटाबेसच्या सर्व्हरांना लावलेलीच नव्हती. कामी आली ती सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने वेगळ्याच प्रयोगासाठी हाताने काढून ठेवलेली प्रत. ती मंद तबकड्यांवरून उतरवून घेण्यात तासन्‌तास गेले. सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नव्या सभासदांच्या नोंदी यांवर घाला पडला. संस्थेने सारी हकीकत लोकांसमोर उघड मांडली; अहवालात त्या अभियंत्याचे नाव घातले नाही, व्यवस्थेत काय नव्हते ते लिहिले.

आपल्यापैकी जे कचेऱ्या, पतपेढ्या, शाळा चालवतात त्यांना आम्ही एकच प्रश्न देऊन जातो. उद्या आपल्या मंडळींना 'बॅकअप घेता का' असे विचारू नका. त्याला सारेच 'होय' म्हणतात. 'शेवटची प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून, तिच्यातली कऱ्हाडची नोंद वाचून कधी पाहिली', असे विचारा, आणि तारीख लिहून घ्या.