शनिवारचे केंद्र
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कुणी विदुषी येऊन आपल्याला चार विचार सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. विदुषी मी नव्हे, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या सभागृहात दर शनिवारी चार ते सात परदेशी मंडळींसाठी जे केंद्र चालते त्याची किल्ली माझ्याकडे असते, तेव्हा त्याविषयी तुम्हीच बोला, असे त्या म्हणाल्या. आणखी एक कारण आहे. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे दोन सूचना येणार आहेत. शनिवारी सभागृह बारशी-साखरपुड्यांना भाड्याने द्यावे, ही एक. केंद्र ठेवायचेच असेल तर पगारी बाई नेमावी, ही दुसरी. मत देण्यापूर्वी तेथे काय चालते ते सर्वांना ठाऊक असावे, एवढाच माझा हेतू.

आपल्या पुण्यात परदेशांतून शिकायला मुले-मुली कित्येक वर्षे येत आहेत. इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान, शिवाय आफ्रिकेतले इतर देश. कॉलेजात त्यांना शिक्षक भेटतात, पण शेजारी भेटत नाही. दूध कुठे मिळते, गॅसचे सिलिंडर कसे मागवायचे, ताप आला तर कोणत्या दवाखान्यात जायचे, हे कॉलेज शिकवत नाही. ते शेजारीण सांगते. आपले केंद्र म्हणजे ही शेजारीण, दुसरे काही नाही.

हे काम आपणच प्रथम काढले असे मात्र नाही. आपल्या वाचनवर्गात आपण जेन अॅडम्स या बाईंची हकीकत वाचली होती, ती पुष्कळ जणींना आठवत असेल. 1889 साली त्यांनी व त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार यांनी अमेरिकेत शिकागो शहरी हल्स्टेड रस्त्यावर एका जुन्या घरात बिऱ्हाड केले. त्या घराचे नाव हल हाऊस. भोवती इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू अशी गरीब मजुरांची वस्ती होती. या बायांनी तेथे बालवर्ग काढला, इंग्रजीचे वर्ग काढले. पौष्टिक अन्नाचे स्वयंपाकघरही काढले, पण ते वस्तीला रुचले नाही. अन्न शास्त्राप्रमाणे होते, पण ज्याच्या त्याच्या जिभेची चव त्यात नव्हती. कॉफी प्यायला व गप्पा मारायला मात्र माणसे येत राहिली. पुढे 1900 साली बाईंनी तेथे एक निराळीच गोष्ट केली. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना आपापल्या देशाची सूतकताई सर्वांसमोर करून दाखवायला बसवले. इंग्रजी शिकलेल्या मुलींना अडाणी आईची लाज वाटू लागली होती, ती आईच्या हातची कला पाहून कमी व्हावी म्हणून. जेन अॅडम्स यांना 1931 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून आम्ही पहिल्या दिवसापासून एक नियम घेतला. आलेल्याला नुसते वाढायचे नाही, त्याच्याकडूनही काही घ्यायचे. म्हणून आपल्या शेगडीवर एका शनिवारी आपला दुधाचा चहा होतो, तर दुसऱ्या शनिवारी अफगाण मुली वेलदोडे घातलेला बिनदुधाचा हिरवा चहा करतात. त्या वेळी आपण पाहुण्या.

आपल्या कोल्हापूरकर भगिनींना वळिवड्याचे नाव ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार झालेले पोलंडचे लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतले सुमारे 5,000, बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध, 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांनी तेथे आपल्या शाळा चालवल्या, आपले सण केले. परक्याला आसरा देणे महाराष्ट्राला नवे नाही. आसरा घेणारा हातावर हात ठेवून बसत नाही, हेही त्यावरून दिसते.

आता रोजचा कारभार सांगते. दर शनिवारी दोघी जणी हजर असतात, एकटीवर कधी टाकत नाही. येणाऱ्याने वहीत नाव लिहायचे, एवढेच. पासपोर्टाची नक्कल आपण ठेवत नाही. पैसे उसने द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. न विचारता कुणाचा फोटो काढायचा नाही. धर्माविषयी आपण होऊन प्रश्न करायचा नाही. नियम थोडेच आहेत, पण त्यामुळे आजवर तंटा झालेला नाही.

चार ते पाच मराठीचा वर्ग. त्यात मुलांना सर्वांत अवघड जातात ते आपले सव्वा, दीड, अडीच आणि पावणेतीन! भाजीवाली “दीडशे” म्हणाली की मुले शंभर द्यावेत की दोनशे या विचारात पडतात. उलट काही शब्द त्यांना आधीच येत असतात. बाजार, दरवाजा आणि जमीन हे अफगाण मुलींच्या भाषेतही आहेत. दुकान, तारीख, वकील आणि साबण हे अरबी बोलणाऱ्यांना ओळखू येतात. हफ्ता म्हणजे मात्र अफगाण मुलींच्या भाषेत आठवडा. घरमालकाने हप्ता मागितला की त्या बुचकळ्यात पडतात!

पुढचा एक तास कागदपत्रांचा. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर शिकायला आलेल्याने 14 दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानेही 24 तासांच्या आत सरकारला कळवायचे असते. हे घरमालकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते आणि मग भीतीपोटी ते खोलीच नाकारतात. आपल्यापैकी एक जण सोबत गेली, नीट समजावून सांगितले, की बहुतेक वेळा दार उघडते. भाडेकरार वाचून दाखवणे, अनामत रक्कम परत केव्हा मिळणार ते करारात लिहून घ्यायला सांगणे, ही कामे आपल्या भगिनी छान करू लागल्या आहेत.

आता भाड्याच्या सूचनेकडे येते. केंद्रात एक अफगाण मुलगी येते. तिच्या देशात ऑगस्ट 2021 मध्ये राज्य बदलले आणि मुलींना सहावीच्या पुढची शाळा बंद झाली. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठेही बंद झाली. तिची धाकटी बहीण तेव्हा सातवीत होती. ही मुलगी चौघींबरोबर एका खोलीत राहते, तेथे निवांतपणा नाही. म्हणून दर शनिवारी पाच वाजता आपल्या सभागृहाच्या कोपऱ्यात बसून ती फोनवरून बहिणीला गणित शिकवते. तिकडे त्या वेळी चार वाजलेले असतात.

भगिनींनो, मी सातवीनंतर थांबले, कारण आमच्या गावात पुढची शाळा नव्हती आणि परगावी पाठवायला वडील तयार नव्हते. वाईट वाटले, पण शाळेच्या दाराला कुणी कुलूप घातलेले नव्हते. त्या मुलीच्या बहिणीची शाळा आज आपल्या या सभागृहाच्या कोपऱ्यात भरते. शनिवारच्या तीन तासांचे भाडे किती येईल त्याचा हिशेब जरूर करा, पण ही शाळाही त्याच वहीत मांडा. भाडे हवे तर रविवार आहे, रोजची सकाळ आहे.

दुसरी सूचना पगारी बाईची. मोबदला घेण्यात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. पण हल हाऊसची संस्था पुढे मुख्यतः सरकारी पैशावर चालू लागली आणि पैसा आटला तेव्हा जानेवारी 2012 मध्ये तिला दार लावावे लागले. शिवाय पगारी बाई सात वाजता घरी जाईल. शेजारीण मंगळवारी मंडईतही भेटते आणि “ताप उतरला का गं?” असे विचारते. मुलांना हवे असते ते हे विचारणे.

तुमची अडचण मला कळते. घरी म्हातारी माणसे, मुलांच्या परीक्षा, शनिवारचे पाहुणे. म्हणून हिशेब सांगते. दोघींची एक पाळी धरली तर चार शनिवारांना आठ जणी लागतात. म्हणजे प्रत्येकीचे महिन्यातून तीन तास. पाचवा शनिवार आला तर तो माझा. आज आम्ही पाच जणी आहोत. मला अजून तीन नावे हवी आहेत. इंग्रजी येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये, मलाही ते बेताचेच येते. चहा करता येणे आणि ऐकून घेता येणे, एवढे पुरते.

वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. सभा संपल्यावर ज्यांना वाटेल त्यांनी नाव लिहावे.